दीड वेढा

साखळीला बसस्टँडमागे माझा शेड.
एक खड्डा, दोन जॅक,
भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर.

मार्चमध्ये वाळपईचा रेजिनाल्ड आला,
छोटी लाल गाडी, सीटवर अजून प्लॅस्टिक.
"मेस्ता, स्प्रिंगी काप. खाली बसूं दे तिला.
अशी चलता, जशी कोंबी उदकांत."
मी नको म्हणालो. एकदाच.
मग ग्राइंडर लावला.
चारी स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा,
ठिणग्या माझ्या चपलेवर.
बाराशे रुपये झाले. त्यानं पंधराशे दिले.

गाडी खरंच देखणी दिसत होती,
हे कबूल करायला हवं.

इझिदोर मेस्त असता तर कानाखाली दिली असती.
मडगावात त्याची जुनी पद्मिनी टॅक्सी खोलताना
पान्यापेक्षा जास्त तो बोलायचा:
चाकाच्या मुठीत पकड असते एवढीच.
ओढण्यात संपवलीस तर वळायला उरत नाही,
वळण्यात संपवलीस तर थांबायला उरत नाही.
माझी ही म्हातारी मागून ढकलते,
घाई केलीस तर शेपूट आधी घरी पोचतं.
नव्या गाड्या पुढून ओढतात,
त्यांना घाई केलीस तर रस्ता वळतो
आणि नाक सरळच जातं.
वाईट कुठलीच नाही रे,
कोण कुठून रुसतं ते ठाऊक पाहिजे.

आणि स्प्रिंग?
तिला तू उशी समजतोस.
ती हात आहे.
खड्ड्यात उतरलेल्या चाकाला
खाली दाबून धरणारा हात.

केरी सोडली की चोर्ल्याचा घाट चढू लागतो.
उतरताना तिसऱ्या वळणावर काजूची झाडं,
बोंडू पडून, चिरडून
डांबरावर रसाचा बुळबुळीत पट्टा.
दुपारची वेळ. शेजारी बहीण, लव्हिना.
वळणाच्या ऐन पोटात एक उंचवटा,
एरवी स्प्रिंगनं गिळला असता.
ती आखूड, ताठ, आधीच टेकलेली.
बसली थेट रबरी ठोकळ्यावर,
मागचं आतलं चाक हवेत.
पोरगा घाबरला, पाय उचलला,
सगळं वजन धावलं पुढे
आणि पुढून ओढणारी गाडी
मागून फिरली.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
त्याला माहीत होतं ते नाकाचं.
गाडीचा स्वभाव बदलला मी,
आणि मालकाला सांगितलं नाही.

चिऱ्याच्या कठड्यानं थांबवलं त्यांना.
लव्हिनाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.
कठड्यापलीकडे काय होतं ते मी जाऊन पाहिलं,
इथे लिहीत नाही.

टोचन लावून गाडी माझ्याकडेच आली.
रेजिनाल्ड खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला.
"बोंडवांक लागून जालें मरे, मेस्ता?"
मी खाली होतो, हातात बॅटरी.
ठोकळ्याचा रबर भुसा होऊन बोटांना लागला.
हो म्हणणं फार सोपं होतं.
वर त्याचे बूट दिसत होते,
एकाची नाडी सुटलेली.

"नाही," म्हणालो.
बराच वेळ बूट हलले नाहीत.

नव्या स्प्रिंगी माझ्या पैशानं बसवल्या.
त्यानं ती गाडी पुढे विकली,
सांगून विकली, असं ऐकतो.

कापलेले तीन तुकडे भंगारात गेले.
चौथा बायकोनं स्वयंपाकघरात नेला,
माठाखाली ठेवला, आडण म्हणून.
माठ किंचित कलता बसतो.
दुपारी पाणी प्यायला गेलो
की मी काठावर तळवा ठेवून जोर देतो.
भरल्या माठाखालीसुद्धा
केसभर दबत नाही तो.